फ्रॉइडचा 'अहम्' म्हणजे आपला अहंकारच का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अहम् म्हणजे अहंकारच ना, आणि 'इदम् अबोध मनात, अहम् बोध मनात' असं परीक्षेत लिहिलं तर चालेल का. दोन्हींचं उत्तर 'नाही'. एम.ए.ला माझाही नेमका इथेच घोळ झाला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने मनाचे इदम्, अहम् आणि पराहम् असे तीन भाग करणारी ही मांडणी १९२३ साली केली तेव्हा शब्द वापरले ते रोजच्या जर्मनमधले. 'इश' म्हणजे मी, 'एस' म्हणजे ते. इंग्रजी अनुवादकांनी त्यांच्या जागी लॅटिन शब्द घातले, म्हणून इगो आणि इड. मराठीत संस्कृत आलं: इगोचा अहम्, इडचं इदम्. संस्कृतात अहम् म्हणजे 'मी'च, तेव्हा शब्द चुकलेला नाही. पण 'तिला फार इगो आहे' हे ऐकून ऐकून आपला कान बिघडलाय. फ्रॉइडचा अहम् ताठ्यात वावरणारा नाहीच, उलट चहूकडून ओढाताण होणारा आहे. १९३३ च्या व्याख्यानांत तो त्याला तीन कडक मालकांचा नोकर म्हणतो: बाहेरचं जग, इदम् आणि पराहम् (सुपरइगो, मनात बसून जाब विचारणारा).

मला हे उमगलं ते मराठी बोलताना. आपण 'मला राग आला', 'मला रडू कोसळलं' म्हणतो. त्या वाक्यात कर्ता राग आहे, रडू आहे. मी नुसता समोर सापडलेला. राग जाणवला की तो बोधात आलाच, पण तो येतो कुठून? त्या जागेला फ्रॉइड 'ते' म्हणतो. तिथे सुखतत्त्व चालतं: हवंय, आत्ताच हवंय. 'मी राग गिळला' म्हटलं की मी कर्ता झालो. समोर साहेब आहेत, महिनाअखेर आहे, हा हिशेब करणारा तो अहम्, वास्तवतत्त्वावर चालणारा. आणि रात्री 'मन खातंय' म्हणतो तेव्हा खाणारा असतो पराहम्.

आता दुसरा प्रश्न. बोध (आत्ता जाणवणारं), बोधपूर्व (आठवलं तर आठवणारं) आणि अबोध (सहजी न आठवणारं) हा फ्रॉइडचा आधीचा नकाशा, १९०० च्या सुमाराचा. इदम्-अहम्-पराहम् हा नंतरचा. एकावर एक ठेवले तर ते जुळत नाहीत, आणि ते न जुळणं हीच तर महत्त्वाची गोष्ट आहे. फ्रॉइडच्या रुग्णांना बोलता बोलता नको त्या विषयाशी आलं की काही सुचेनासं व्हायचं. ते अडवणूक करत होते, पण आपण अडवतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. अडवणारा तर अहम्च! म्हणजे अहम्चाही मोठा भाग अबोध असला पाहिजे. ऑफिसात बोलणी खाऊन आलेला माणूस घरी मुलांवर ओरडतो, वड्याचं तेल वांग्यावर काढतो. त्याला विचारा, तो शपथेवर सांगेल की मुलंच दंगा करत होती. तो खोटं बोलत नसतो. विस्थापन (एकाचा राग दुसऱ्यावर काढणं), दमन (नको ते अबोधात ढकलणं), प्रक्षेपण (आपल्या मनातलं दुसऱ्याच्या माथी मारणं) या संरक्षण यंत्रणा अहम् वापरतो ते असं, स्वतःच्याही नकळत. म्हणून राग समजून उमजून गिळणं म्हणजे दमन नव्हे. दमनात आपण काही दाबलंय हेच माणसाला माहीत नसतं. या यंत्रणांवर पुढे त्याच्या मुलीने, ॲना फ्रॉइडने, १९३६ मध्ये नीट पुस्तक लिहिलं.

 

पराहम्वर थोडं थांबतो. बहुतेक नोट्समध्ये 'पराहम् म्हणजे सदसद्विवेक' एवढ्यावर भागवतात. पण विवेक केलेल्या कृत्याचा जाब विचारतो, पराहम् नुसत्या इच्छेचाही विचारतो. १९३३ मध्ये फ्रॉइडने काढलेल्या आकृतीत पराहम् खाली थेट इदम्पर्यंत पोचलेला आहे. इदम्मध्ये काय उसळतंय हे त्याला अहम्च्या आधी कळतं. शिवाय मुलाचा पराहम् आईवडिलांवर नव्हे, तर त्यांच्या पराहम्वर बेततो, म्हणून मायाळू घरातली मुलंही स्वतःशी फार कठोर असू शकतात.

माझे वडील चार महिने अंथरुणाला खिळून होते. एका रात्री दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलो असताना मनात येऊन गेलं, 'आता सुटले तर बरं.' पुढच्याच आठवड्यात ते गेले. मी काहीच वाईट केलं नव्हतं, सेवेत कसूर नव्हती, तरी वर्षभर मला जेवण गोड लागलं नाही. मग वाचताना कळलं की फ्रॉइडचे वडील १८९६ मध्ये वारले, आणि स्वप्नांवरचं त्याचं पुस्तक हे त्या मृत्यूला आपल्या मनाने दिलेलं उत्तर होतं, हे त्यालाच पुस्तक लिहून झाल्यावर उमगलं. हे वाचलं त्या रात्री मी दादाला फोन करून दवाखान्यातलं सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्याही मनात आलं होतं रे."