थँक्सगिव्हिंगचा गुरुवार कोणी ठरवला?

प्रश्न : आमचे चिरंजीव न्यू जर्सीला असतात. नोव्हेंबरअखेर तिकडे थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते. हा सण कशाच्या स्मरणार्थ पाळतात आणि त्यात टर्कीलाच मान का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : शाळेत शिकवतात ती कथा १६२१ सालची आहे. इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेतल्या प्लिमथला वसाहत करायला आलेल्या १०२ प्रवाशांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेल्यांना तिथल्या टिस्क्वांटम या मूळ रहिवाशाने मासळीचे खत घालून मका पेरायला शिकवले आणि पीक हाती आल्यावर तीन दिवस मेजवानी झाली. एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्याच्या पत्रानुसार वाम्पानोआग या तिथल्या मूळ जमातीचा प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक माणसांसह आला होता आणि त्यांनी पाच हरणे मारून आणली होती. पत्रात रानपक्ष्यांच्या शिकारीचा उल्लेख आहे, टर्कीचा नाही.

मात्र त्या मेजवानीतून वार्षिक सण सुरू झाला, हा समज खरा नाही. सणाचे खरे श्रेय आमच्या मते सारा जोसेफा हेल या संपादिकेला द्यावे लागेल. राज्याराज्यांत वेगवेगळ्या दिवशी होणारा हा सण देशभर एकाच दिवशी व्हावा म्हणून त्यांनी अनेक वर्षे राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रे लिहिली, आणि १८६३ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. त्या जाहीरनाम्यात प्लिमथचे नावही नाही! पुढे १९३९ मध्ये नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे आणला, तेव्हा काही राज्यांनी तो साफ नाकारला. टेक्सासने तर दोन्ही गुरुवारी सुट्टी दिली. अखेर १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला.

टर्कीचे कारण व्यावहारिक असावे : एका पक्ष्यात मोठे कुटुंब जेवते, आणि तिला मारल्याने गाईचे दूध किंवा कोंबडीची अंडी बंद होत नाहीत. सोबत क्रॅनबेरी या आंबट फळाचा सॉस आणि भोपळ्याचा ‘पाय’ हा सारण भरून भाजलेला गोड पदार्थ असतो. दिवसा न्यूयॉर्कची मिरवणूक आणि अमेरिकन फुटबॉलचे सामने पाहिले जातात.

मूळ रहिवाशांपैकी अनेकांना मात्र या कथेचा पुढचा भाग विसरता येत नाही. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७६ मध्ये वसाहतवाल्यांविरुद्धच्या युद्धात मारला गेला आणि त्याचे शिर प्लिमथमध्ये भाल्यावर लावून अनेक वर्षे ठेवण्यात आले. त्याच प्लिमथमध्ये १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मूळ रहिवासी राष्ट्रीय शोकदिन पाळतात.