न्यू जर्सीत राहतो, जुनी सिविक आहे, ऑटोक्रॉसला जाऊ की थेट ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस)?

आधी ऑटोक्रॉसच कर, किमान एक सीझन. मोकळ्या पार्किंग लॉटमधे कोन लावलेले असतात, त्यांच्यातून घड्याळ लावून गाडी पळवायची, एका वेळी तू एकटा, एक रन मिनिटभराचा, आणि स्पीड बहुतेक दुसऱ्या गिअरमधेच संपतो, त्यामुळे गाडी फिरली तरी कोन उडतो, २ सेकंद पेनल्टी लागते आणि तू हसत परत लाइनीत येतोस. न्यू यॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनचा रेस ट्रॅक ३.४ मैलांचा आहे आणि निळी गार्डरेल अगदी जवळ, तिथे तीच चूक फार महागात पडते.

हो, ऑटोक्रॉसला अख्खा दिवस जाऊन प्रत्यक्ष ड्रायव्हिंग पाच-दहा मिनिटंच होतं, उरलेला वेळ उन्हात उभं राहून दुसऱ्यांचे पडलेले कोन उचलायचे, पण गाडी कधी घसरायला लागते हे हाताला जे कळतं ना ते इथेच कळतं.

मग ट्रॅक डे, आणि तो शेजारी इन्स्ट्रक्टर बसवूनच! एकेक सेशन साधारण २० मिनिटांचं, ब्रेक भयंकर तापतात. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, डॉट ४ या प्रकारच्या फ्लुइडचा उकळबिंदू नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरलं की १५५ वर येऊ शकतो, आणि ते उकळलं की ब्रेक लागत नाही, माझा ब्रेक पेडल एकदा पार तळाला गेला होता, पोटात गोळा आला. म्हणून जायच्या आधी फ्लुइड बदलच, पॅडही बघून घे. आणि इन्शुरन्सची पॉलिसी नीट वाच रे, बऱ्याच पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान धरतच नाहीत.