कोल्हापूरहून फुकेटला एमएमएसाठी निघालेल्या पैलवानाला

तुझं विचारणं थोडक्यात असं: वय २२, दहा वर्षं माती आणि मॅट, गट ७४ किलो, हाताशी ४ लाख रुपये. जानेवारीत थायलंडमधल्या फुकेटला यायचं, तीन महिन्यांत एमएमएची (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या खेळाची) पहिली व्यावसायिक लढत घ्यायची आणि पुढे लढतींच्या मानधनावर इथेच राहायचं. व्हिसा कुठला, वजन कुठल्या गटात धरू, सोबत काय आणू आणि खुराकाचं काय, हे तुझे प्रश्न.

तीन महिन्यांत लढत मिळेल. त्यात अवघड काहीच नाही, आणि घोळही तिथेच आहे. प्रत्येक प्रमोटरकडे एखादा घरचा, तिकिटं खपवणारा पोरगा असतो आणि त्याचं रेकॉर्ड फुगवायला बकरा लागतो. कुस्तीचं नाव असलेला, पण जमिनीवरचा गळफास न ओळखणारा परदेशी नवखा म्हणजे त्यांच्यासाठी आयतं गिऱ्हाईक. ०-३ (एकही विजय नाही, तीन पराभव) असं रेकॉर्ड एकदा टॅपॉलॉजी आणि शेरडॉग या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर चढलं की ते पुसलं जात नाही, आणि मोठे मॅचमेकर, म्हणजे लढतींच्या जोड्या लावणारे, सगळ्यात आधी तेच उघडून बघतात.

आधी पैशाचं बघू. एक बाट २.७५ रुपये धरला तर ४ लाखांचे साधारण १ लाख ४५ हजार बाट होतात, तिकीट वगळून १ लाख ३५ हजार. चालोंगमध्ये, म्हणजे सोई ताइएदच्या आसपास, जिथे टायगर मुय थाय आणि इतर जिमांची रांग आहे, तिथे एसी खोली महिना ९ ते १२ हजार, जिमचं महिन्याचं पॅकेज १२ ते १५ हजार, दोन वेळच्या सरावाला पुरेल इतकं जेवण १० ते १२ हजार, स्कूटर आणि पेट्रोल ४ हजार, कपडे-मोबाइल-मालिश ३ ते ४ हजार. म्हणजे महिना ३८ ते ४७ हजार बाट. नोव्हेंबर ते एप्रिल हा सीझन, तेव्हा खोल्या वरच्याच भावाने जातात, शिवाय डिपॉझिट वेगळं. तुझे पैसे तीन महिन्यांत संपतात, म्हणजे शरीर उकाड्याला आणि दोन वेळच्या सरावाला सरावतं ना सरावतं तोच. मग माणूस समोर येईल ती लढत घेतो, दुखरा खांदा घेऊन घेतो. इथून परत जाणाऱ्यांत हिंमत कमी पडलेले थोडे आणि पैसे संपलेले जास्त.

व्हिसाचं गणितही याच आकड्यांशी जोडलेलं आहे. थायलंडचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा), म्हणजे लांब मुक्कामाचा व्हिसा, जुलै २०२४ मध्ये आला. मुय थायचं (थाई किक-बॉक्सिंगचं) प्रशिक्षण त्याच्या यादीत आहे, मुदत पाच वर्षांची, एका प्रवेशावर १८० दिवस राहता येतं. पण खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे पावणेचौदा लाख रुपये. गंमत अशी की इथला एका वर्षाचा खर्चही जवळपास तेवढाच आहे, त्यामुळे ती अट मला जाचक वाटत नाही. तेवढे नसतील तर दुसरा मार्ग शिक्षण व्हिसाचा. मान्यता असलेली जिमच त्याची कागदपत्रं देऊ शकते. कोर्सची फी आधी भरावी लागते आणि हजेरी खरोखर तपासली जाते. भारतीय पासपोर्टवर जुलै २०२४ पासून ६० दिवस विनाव्हिसा राहायची सोय झाली, पण हे नियम फिरत असतात, म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात दूतावासाचं पान पुन्हा बघ. येण्यापूर्वी ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं. मुदतीपेक्षा जास्त राहिलास तर दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २० हजार, आणि जास्त लांबलं तर देशात यायला बंदी.

आणखी एक, जे कुणी नीट सांगत नाही: पर्यटक म्हणून राहून मानधनाची लढत घेणं हे कायद्याने 'काम' आहे. त्याला वर्क परमिट लागतं. ‘सगळे तसंच करतात’ हे उत्तर प्रमोटरला परवडतं, पासपोर्ट तुझा असतो. परमिट कोण काढणार, हे करारावर सही करण्याआधी लेखी घे.

मानधनावर जगायचं म्हणतोस, तर वरच्या टोकाचा हिशेब बघ. यूएफसी या अमेरिकेतल्या एमएमए संस्थेत नव्या माणसाचा करार साधारण १२ हजार डॉलर उतरण्याचे आणि जिंकल्यास आणखी १२ हजार, असा असतो. अमेरिकेत हरलास असं धर. १२ हजारांतून परदेशी माणसाचा ३० टक्के कर म्हणजे ३,६०० गेले. मॅनेजरचे १० टक्के, जिमचे १० टक्के, म्हणजे आणखी २,४००. हातात ६ हजार, आणि वर्षाला अशा लढती दोन, फार तर तीन. हे जगातल्या सगळ्यात मोठ्या संस्थेचं झालं. आशियातल्या छोट्या कार्डावर खर्च निघाला तरी खूप म्हणायचं. इथे टिकलेले बहुतेक जण सकाळी स्वतःचा सराव आणि दुपारी दुसऱ्यांना शिकवणं यावर टिकलेत, आणि शिकवण्यालाही वर्क परमिट लागतं.

आता खेळाकडे, कारण खरी मेख तिथे आहे. तुझी कुस्ती सोन्यासारखी आहे. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, सगळं एमएमएच्या जाळीच्या पिंजऱ्यात चालतं. पण तालमीत अंगात मुरलेल्या तीन सवयी इथे गळा देतात.

पहिली: खाली गेलं की पोटावर वळून जमीन धरायची. कुस्तीत पाठ लागू नये म्हणून ते बरोबर. इथे पाठ टेकली तर काहीच बिघडत नाही, पण पोटावर वळलास की समोरचा पाठीवर बसतो, दोन्ही पाय मांड्यांत अडकवतो आणि मागून गळा आवळतो. त्याऐवजी कुशीवर राहायचं, वरचा हात त्याच्या काखेखालून घालायचा, कोपर टेकवून नितंब मागे सरकवायचे आणि जाळीला पाठ घासत उभं राहायचं. हा एवढा उठण्याचा प्रकार रोज ५० वेळा केलास तरी पहिलं वर्ष सत्कारणी लागेल.

दुसरी: पट काढताना डोकं बाहेर ठेवणं. डोकं बाहेर आणि मान खाली, म्हणजे गिलोटिनला, समोरून मान काखेत धरून आवळायच्या गळफासाला, आमंत्रण. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपला भरत कंदारे शांघायला यूएफसीत उतरला, तेव्हा सोंग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिननेच संपवलं. डोकं आत, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला, नजर वर. आणि गळा सापडलाच तर ताकदीने ओढून काढू नकोस: दोन्ही हातांनी त्याचा आवळणारा हात धर आणि ज्या बाजूला तो हात आहे, त्याच्या उलट बाजूला अंग ने.

तिसरी: वर आहोत म्हणजे जिंकतोय, हा समज. रितू फोगाट सिंगापूरला जाऊन इव्हॉल्व्ह जिममध्ये राहिली, २०१९ पासून वन चॅम्पियनशिप (थोडक्यात वन) या आशियातल्या संस्थेत लढली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिच्या ग्रां प्री स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली. तिथे स्टॅम्प फेअरटेक्सने तिला खालून आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणायचा डाव, लावला. स्टॅम्प मूळची मुय थायची. उभ्याने लढणारी मुलगी खालून हात मोडू शकते, हे लक्षात ठेवून वर असतानाही कोपर आपल्या बरगडीशी ठेवायचं आणि तिच्या छातीवर हात टेकवून उठायचं नाही.

शिवाय कुस्तीतला वाकलेला पवित्रा: गुडघा आणि खालून येणारा ठोसा यांना तो चेहरा ताटात वाढून देतो. पवित्रा बदलायलाच सहा महिने जातात. म्हणून पहिल्या वर्षाचा आठवडा असा ठेव: नो-गी (जॅकेटशिवायचं) जुजुत्सू चार सत्रं, बॉक्सिंग-मुय थाय चार, एमएमएची जाळीजवळची कुस्ती दोन, ताकदीचे व्यायाम दोन. पूर्ण जोराचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, आठवड्यातून एकदाच. इथे सुट्टीवर आलेले हौशी लोक पुष्कळ. त्यांना फुकेटची आठवण म्हणून कुणाला तरी पाडायचं असतं आणि सोमवारी विमान पकडायचं असतं. अशांशी जोड घ्यायला नाही म्हणायला शीक. डोक्याला जबर लागून भान गेलं तर किमान ९० दिवस डोक्याला स्पर्श नाही, मग लढत असो वा नसो.

जिम निवडताना भिंतीवरचे फोटो बघू नकोस. तीन गोष्टी विचार: व्यावसायिकांचं वेगळं सत्र किती वाजता असतं आणि त्यात नवख्याला कधी घेतात, तुझ्या वजनाचे किती जण वर्षभर राहतात, लढतीला कोपऱ्यात कोण येतं आणि त्याचं तिकीट कोण काढतं. उत्तरं गुळमुळीत आली तर ती पर्यटकांची जिम. तसे क्लासही चांगले असतात, पण ३०-४० जणांच्या क्लासमध्ये तुझी मान कुठे चुकतेय हे कुणी बघत नाही. पहिल्यांदा आठवड्याचंच पॅकेज घे.

वजन. तू ७४ चा, म्हणजे एरवी ७८-७९ किलो असशील असं धरतो. एमएमएत ७०.३ किलोचा लाइटवेट आणि ७७.१ किलोचा वेल्टरवेट असे दोन गट तुला जवळचे. हौशी लढतींना, जिथे त्याच सकाळी वजन होतं, तिथे सरळ ७७.१ ला उतर, पाणी तोडू नकोस. आयएमएमएएफ या हौशी एमएमएच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत फेऱ्या ३ मिनिटांच्या, कोपर मारायला बंदी आणि नडगीला पॅड. शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. व्यावसायिकात वजन आदल्या दिवशी होतं, म्हणून ७०.३ शक्य आहे, पण असं: आठ आठवड्यांत खाणं कमी करून ७५.५, आणि उरलेले ५.२ किलो शेवटच्या आठवड्यात मीठ, पिठूळ पदार्थ आणि पाणी यांच्या नियोजनाने. शेवटच्या टप्प्यात ३९-४० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं, मग बाहेर, शेजारी माणूस हवाच. चक्कर, थांबलेला घाम, बरळणं यांतलं एक जरी दिसलं तरी लढत सोडायची. वजन झाल्यावर गमावलेल्या पाण्याच्या दीडपट, ओआरएससकट, घोटाघोटाने. २०१५ च्या डिसेंबरमध्ये यांग जियान बिंग हा वनचा लढवय्या वजन तोडतानाच गेला. त्यानंतर वनने लघवीची घनता तपासायला सुरुवात केली आणि गटही वर सरकवले. म्हणून वनमध्ये लाइटवेट म्हणजे ७७.१ किलो. करार वाचताना गटाच्या नावावर जाऊ नकोस, किलो बघ.

करारात आणखी तीन कलमं शोध: किती लढती आणि किती महिन्यांत, दुसरीकडून आलेल्या ऑफरची बरोबरी करायचा त्यांचा हक्क, आणि विजेता झाल्यावर आपोआप वाढणारी मुदत. ‘दोन वर्षं, सहा लढती’ छान वाटतं, पण लढती दिल्या नाहीत तर काय, हे लिहिलेलं नसेल तर दोन वर्षं घरी बसायची तयारी ठेव.

माझं मत विचारशील तर जानेवारीत येऊ नकोस. ४ लाखांत मुंबई, पुणे किंवा दिल्लीला एक वर्ष जुजुत्सू आणि बॉक्सिंग होतं, चार-पाच हौशी लढतीही होतात. अंशुल जुबली दिल्लीच्या क्रॉसट्रेन फाइट क्लबमधून आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये रोड टू यूएफसी ही यूएफसीचा करार मिळवून देणारी स्पर्धा जिंकून करार मिळवून बसला. पूजा तोमर बालीच्या सोमा फाइट क्लबमध्ये राहिली आणि जून २०२४ मध्ये यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. मार्ग एकच नाही. वर्षभराने लढत ठरवून आठ आठवड्यांच्या तयारीसाठी इथे ये. तेवढ्यात जिम तुला ओळखेल आणि तू जिमला.

सोबत काय आणायचं: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचे सहा महिन्यांच्या आतले रिपोर्ट, ईसीजी, बाहुली मोठी करून केलेली डोळ्यांची तपासणी. मेंदूचा एमआरआयही तिकडेच काढ, स्वस्त पडतो. दातांच्या डॉक्टरकडून मापाचा माउथगार्ड दोन नग. गरम पाण्यात बुडवून चावायचा नको, पहिल्या ठोशाला सुटतो. जांघेचं चांगलं गार्ड (कप). सरावाचे ७ औंसांचे आणि १६ औंसांचे ग्लोव्हज; ४ औंसांचे लढतीला प्रमोटर देतो. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना, मोटारसायकलच्या नोंदीसह, कारण तो नसेल तर स्कूटरच्या अपघातात विमा हात वर करतो. चालोंगच्या उतारावर ओल्या रस्त्यात जेवढे गुडघे गेलेत तेवढे पिंजऱ्यात गेले नसतील. विम्याच्या कागदावर संपर्काचे खेळ वगळलेले आहेत का, ते आधी वाच.

मॅटवरून उठलास की दहा मिनिटांत साबणाने अंघोळ. लाल, गरम, दुखरी पुळी आली तर फोडू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर. स्टॅफ या जंतूचा संसर्ग असला तर दुसऱ्या दिवशी हात सुजतो. कान मोडण्याचं तुला सांगायला नको.

खुराकाचं विचारलंस. दूध मिळतं पण घरच्यासारखं नाही. अंडी, चिकन, भात, केळी, पपई मुबलक. शाकाहारी राहायचं असेल तर ‘जे’ म्हणून सांग, नाहीतर भाजीतही फिश सॉस पडतो. बदाम आण, तूप आण. वस्तादांनी दिलेली भस्मं, बिनलेबलाची चूर्णं आणि जिममधल्या मित्राची पावडर मात्र घरीच ठेव. उत्तेजक चाचणीत सापडलं तर ‘माहीत नव्हतं’ हे कुणी ऐकत नाही. वजन तोडायची लघवीची गोळी बंदी असलेल्या यादीत आहे, आणि वजनानंतर सलाइन लावून घेणंही: १२ तासांत १०० मिलिलिटरच्या वर गेलं की नियमभंग.