गीक अँड सन्ड्री हे चॅनल काय होतं आणि त्यावरचं आधी काय बघावं?

बोर्ड गेम, कॉमिक्स, फॅन्टसी यांत रमणाऱ्यांसाठी अभिनेत्री फेलिशिया डे हिने २०१२ मध्ये सुरू केलेलं अमेरिकी यूट्यूब चॅनल. ऑनलाइन गेम खेळणाऱ्या टोळक्यावरची तिची 'द गिल्ड' ही वेबमालिका २००७ पासूनच गाजत होती. २०१४ मध्ये लेजेंडरी या चित्रपट कंपनीने चॅनल विकत घेतलं.

आधी 'टेबलटॉप' बघा. अभिनेता विल व्हीटन पाहुण्यांना जमवून बोर्ड गेम खेळतो, चिडवाचिडवी चालते आणि नियम आपोआप कळत जातात. माझ्या मते चॅनलवरचं सर्वांत निखळ काम हेच.

'क्रिटिकल रोल'ही २०१५ मध्ये इथंच सुरू झालं. व्हॉइस आर्टिस्ट मंडळी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा फॅन्टसी खेळ खेळतात, म्हणून प्रत्येक पात्र जिवंत वाटतं. पण एकेक भाग तीन-चार तासांचा, तेव्हा सुट्टीच्या दिवशीच हात घाला!