गावातल्या गावात मुक्काम

मैत्रिणींबरोबरच्या सुट्टीबद्दल या अंकासाठी प्रश्न मागवले होते. पत्रं जास्त आली ती ठाणे-नवी मुंबईतूनच. बरं झालं. मी नौपाड्यात राहते, तेव्हा लांबच्या गावांबद्दल शहाणपण शिकवण्यापेक्षा हे सोपं. बहुतेकींनी ‘नाव छापू नका’ असं लिहिलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही.

ताई, आम्ही ठाण्यातल्या एका शाळेच्या चार मैत्रिणी, आता पन्नाशीला टेकलोय. एक डोंबिवलीला, एक पुण्यात, एक इथेच पाचपाखाडीत आणि मी नेरुळला. दरवर्षी ग्रुपवर ‘गोवा गोवा’ सुरू होतं आणि कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन यात बारगळतं. जानेवारीअखेरचा एक शनिवार-रविवार कसाबसा चौघींना मोकळा मिळालाय. इथल्या इथे काही सुचवा. मॉल नको. — नेरुळ

गोवा सोडलंत, उत्तम केलंत. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी चारशे पाहुण्यांना घेऊन बोरीबंदरहून सुटली, तीही ठाण्यालाच यायला. तेव्हा हौसेनं ठाण्याला येणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही.

माझी एकच अट आहे. शनिवारी रात्री कुणीही घरी जायचं नाही. डोंबिवली जवळ, पाचपाखाडी तर हाकेच्या अंतरावर, आणि तिथेच घोळ होतो. साडेआठ वाजले की एकीचा फोन वाजतो, दुसरी रिक्षा शोधायला लागते, तिसरी ‘मग मीही निघतेच’ म्हणते. गप्पा खऱ्या रंगतात त्या अकरानंतर, आणि तोवर तुम्ही आपापल्या घरी दूध तापवत असता. म्हणून मुक्काम करा, आणि तोही कुणाच्या घरी नको. जिच्या घरी उतराल ती रात्रभर ‘अजून थोडं घे गं’ करत ओट्याशी उभी राहील आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पोहे भिजवेल.

हॉटेलच्या दोन खोल्या घ्या, वाशी किंवा बेलापूरकडे, कारण रविवारी तुम्हाला खाडीवर जायचंय. खोली ठरवताना फोनवरच विचारून घ्या: ‘आमच्या आधार कार्डावर ठाणे-नवी मुंबईचा पत्ता आहे, चालेल ना?’ काही हॉटेलं स्थानिक पत्ता असलेल्यांना खोलीच देत नाहीत. आम्हा बँकेतल्या मैत्रिणींना एका काउंटरवर विशीतल्या पोरानं सांगितलं, ‘मॅडम, लोकल आयडी अलाउड नाही.’ आमच्यातली सगळ्यात धाकटी तेव्हा चौपन्नची होती. आपल्यावर अजून कुणी असा संशय घेऊ शकतं याचा तिला इतका आनंद झाला की भांडायचं काम आम्हा बाकीच्यांनाच करावं लागलं.

पुणेकरणीला पहाटेच्या सिंहगड एक्स्प्रेसचं तिकीट काढायला सांगा, नवाच्या सुमारास ती ठाण्यात उतरेल. तुम्ही ट्रान्स हार्बर लोकलनं या. पश्चिमेला भेटलात की थेट मामलेदार मिसळ. तहसील कचेरीजवळची म्हणून मामलेदारची. शनिवारी रांग असते, असू दे. तुमच्या गप्पांना तिथूनच सुरुवात होईल. फक्त शाळेत असताना तिखट चापायचो म्हणून आता तिखट मागवू नका. मध्यम घ्या. दुसऱ्या दिवशी बोटीत बसायचंय.

मग जांभळी नाका, कौपिनेश्वर, तलावपाळी, गोखले रोड, राम मारुती रोड, सगळं पायी. इथे मी वाटाड्या होत नाही. कुठल्या बोळात कुठला क्लास होता आणि क्लासच्या नावाखाली कोण कुठे उभं राहायचं, हे तुम्हालाच ठाऊक. भूक लागलीच तर नौपाड्यात गजाननचा वडापाव, तोही त्या बेसनाच्या पिवळ्या चटणीसाठी. दीड-दोनपर्यंत गाडीत बसा आणि वाशीला पोचून झोपा. हो, झोपा. पन्नाशीतल्या सहलींचा विचका दुपारी पाठ न टेकल्यानं होतो, असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात चांगलं नाटक लागलंय का ते आधीच जाहिरातीत बघून ठेवा. नसलं तरी अडत नाही. रात्रीचं वेळापत्रक मी देणार नाही.

रविवारी ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. तिथून बोट ठाणे खाडीत नेते. हे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, आणि आपण अजून ऐरोलीच्या पुलावरून जाताना गाडीच्या काचेतूनच ‘ते बघ, गुलाबी’ म्हणतो. पक्षी साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि मेपर्यंत असतात, म्हणजे तुमची तारीख चांगली आहे. जागा आधी राखून ठेवा, पण सकाळचीच वेळ मिळेल असं धरून चालू नका. बोटीला पाणी हवं आणि पक्ष्यांना चरायला उघडा चिखल, त्यामुळे वेळ ठरते भरती-ओहोटीवर. कोळ्यांचा हिशेब माहीत असेलच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या, आणि खाडीत आतवर पाणी चढायला आणखी थोडा वेळ. कालनिर्णय उघडून आधीच गणित मांडा आणि केंद्रानं दिलेल्या वेळेशी ताडून बघा. उंच आणि फिकट दिसेल तो मोठा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बुटका आणि जास्त गुलाबी तो लहान. रंग त्यांच्या खाण्यातून येतो, शेवाळातून. बोटीत उभं राहून सेल्फी काढणारीला दुपारचं बिल भरायला लावा.

आणि मेगाब्लॉक! रविवार आहे हे विसरू नका. ट्रान्स हार्बरवर ब्लॉक असला तर तो नेमका सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी संपतो. शनिवारच्या पेपरात बघा आणि रिक्षाचे पैसे बाजूला ठेवा.

आमच्या पाचजणींच्या कंपूत एकीच्या नवऱ्याची नोकरी गेलीय. दोन दिवसांची सहल ठरवली तर ‘मला जमणार नाही, पाहुणे येणारेत’ म्हणाली. पाहुणे कसले, आम्हाला कळतं. तिचे पैसे आम्ही चौघी भरू शकतो, पण तिला लागेल. काय करावं? — कळवा

तुम्हाला कळलं हेच मोठं. पैसे भरू नका. निदान तिला सांगून तरी नकोच. ती येईल, पण दोन दिवस ‘मला भूक नाही’ म्हणत अर्धी प्लेट खाईल, आणि परतल्यावर महिनाभर कुणाचा फोन उचलणार नाही. टीटीएमएमही नको. ‘तुझं तू, माझं मी’ हे सगळ्यांचे खिसे सारखे असतानाच बरं. एरवी ज्यूस मागवावा की पाणी, याचा निर्णय तिला चौघींच्या देखत घ्यावा लागतो.

बेतच बदला. आणि तो तिच्यासाठी बदलला असं कुणीही चुकूनसुद्धा बोलायचं नाही. ‘मलाच कंटाळा आलाय हॉटेलांचा’ असं तुमच्यापैकी सर्वांत खर्चिक बाईनं म्हणावं. तिच्या तोंडून ते खरं वाटतं. वर नेरुळच्या ताईंना ‘कुणाच्या घरी नको’ असं सांगितलंय, पण तुमच्यासाठी तो नियम मी मोडते. पाचांतलं एक घर त्या दोन दिवसांपुरतं रिकामं करा. नवरा-मुलं गावी किंवा आत्याकडे. गॅस पेटवायचा तो फक्त चहाला. जेवण पोळीभाजी केंद्रातून. ठाण्यात दर दोन गल्ल्यांआड एक आहे: पोळ्या, उसळ, कोशिंबीर, वरणभात, रविवारी कुठे कुठे मसालेभात. भांडी निघू नयेत म्हणून पत्रावळ्या आणा. सगळ्यांनी सारखीच छोटी रक्कम एका डब्यात टाकायची आणि त्यातून भागवायचं, उरलं तर शेवटी कुल्फी. दिवसा तलावपाळी आहे, बाजारात नुसतं फिरणं आहे, त्याला पैसे पडत नाहीत. गाद्या हॉलमध्ये ओळीनं घाला.

पुढच्या वर्षीसाठी भिशी लावायची असेल तर दरमहा पाचशे म्हणजे वर्षाला एकीचे सहा हजार, पाचजणींचे तीस. पण ती आत्ता सुरू करू नका. तिच्या घरचं स्थिरस्थावर होऊ द्या.

घर घोडबंदर रोडला, मैत्रिणींनी खोली घेतलीय वाशीला. नवरा म्हणतो, ‘तासाभरावर घर असताना रात्र बाहेर कशाला?’ सासूबाई बोलत नाहीत, पण बघतात. काय उत्तर देऊ? — कासारवडवली

घोडबंदर रोडवरून तासाभरात वाशी? तुमच्या यजमानांचा आशावाद मला आवडला.

‘कशाला’ला उत्तर देत बसू नका. एक कारण दिलंत की ते खोडून निघेल, मग दुसरं द्यावं लागेल. ते कंपनीच्या ऑफसाइटला लोणावळ्याला गेले तेव्हा ‘लोणावळ्याहून रात्री परत येता आलं असतं की’ असं तुम्ही म्हणाला होतात का? नुसतं सांगा: ‘शनिवारी सकाळी जातेय, रविवारी संध्याकाळी येते.’ सासूबाईंना मात्र आदल्या दिवशी निवांत बसून सांगा, कोण कोण आहेत तेही सांगा. त्यांना काळजी असते, हुज्जत नसते. आणि जाण्याआधी फ्रीज डब्यांनी भरून ठेवू नका. त्या डब्यांपायी शुक्रवारची रात्र जाते आणि तुम्ही वाशीला पोचता ती दमूनच.

आम्ही सहा निवृत्त शिक्षिका, सगळ्या सत्तरीच्या. गुडघे कुरकुरतात. येऊरला जावं का? — ठाणे पूर्व

नको. गाडीनं वर गेलात तरी तिथली मजा चालण्यात आहे, नाही तर नुसतं हॉटेलात बसून येणं होतं. सकाळी उन्हाच्या आत कचराळी तलावाला सपाट रस्त्यानं जमेल तेवढी फेरी मारा, बाकावर बसा, घरी येऊन जेवा. दुपारी गडकरी रंगायतन. १९७८ पासून तुम्ही तिथे कितीदा गेला असाल ते मी सांगायला नको. तिकीट काढताना रांगेतल्या अगदी कडेच्या खुर्च्या मागा, म्हणजे दुखरा पाय वाटेकडे लांब करता येतो. सहाजणी आहात, तर तीन रांगांत दोन-दोन बसा. ‘आम्हाला शेजारी शेजारीच हवं’ हा हट्ट धरलात तर मधल्या चौघींचे गुडघे नाटकभर रडतील. गप्पा मध्यंतरात, बटाटेवड्याबरोबर.

ताई, आम्ही तिघी सांगलीकडच्या. घणसोलीत भाड्यानं राहतो, ऐरोलीत आयटीत आहोत. सुट्टी म्हटलं की सगळे मरीन ड्राइव्हला पळतात. नवी मुंबईत राहून नवी मुंबईच पाहिली नाही. पैसे बेताचे, पायात दम आहे. — घणसोली

पायात दम आहे म्हणता, झालं तर मग. शनिवारी बेलापूर धरा. स्टेशनवरून रिक्षानं आर्टिस्ट व्हिलेजला जा. सिडकोसाठी चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात आखलेली बैठ्या घरांची वसाहत आहे ती. एका चौकाभोवती थोडी घरं, अशा चौकांचा मिळून मोठा चौक. एकाची भिंत दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे ज्याला जमेल तसं त्यानं घर वाढवावं अशी मूळ कल्पना. लोकांनी ते इतकं मनावर घेतलंय की काही ठिकाणी मूळ घर शोधावं लागतं. मला स्वतःला ते वाढलेलं रूपच जास्त आवडतं. पण पोरींनो, तिथे माणसं राहतात. खिडकीतून आत कॅमेरा नको, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो नकोत.

बेलापूरहूनच पेंधरची मेट्रो सुटते. १७ नोव्हेंबर २०२३ ला ती सुरू झाली, ११ स्थानकं आहेत. खारघरला सेंट्रल पार्कशी उतरा, संध्याकाळ तिथे काढा. पांडवकड्याच्या धबधब्याचं नाव ऐकलं असेल. पावसाळ्यात तिथे बंदी असते आणि ती उगाच नसते, माणसं गेलीत तिथे. ‘सगळे जातात’ म्हणून जाऊ नका.

रविवारी उरण. २०२४ च्या जानेवारीपासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. नेरुळ किंवा बेलापूरहून बसा. दोन्ही बाजूंना खाडी आणि पाणथळ लागते, खिडकी मिळाली तर डबे बदलत बसू नका. उरणला उतरून पिरवाडीचा किनारा गाठा, जमलं तर करंजाला जाऊन रेवसला सुटणाऱ्या बोटी बघा. समुद्रात उतरू नका, खडक निसरडे आहेत. आणि घणसोलीसारख्या दर थोड्या मिनिटांनी गाड्या तिथे नाहीत, तेव्हा स्टेशनवर उतरल्या उतरल्या परतीच्या वेळांचा फोटो मोबाइलमध्ये काढून घ्या, मग हवं तेवढं वाळूत बसा.