रोजच्या बसप्रवासात कोणता हेडफोन घ्यावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : लोकमान्य नगरातून पीथमपूरला रोज कंपनीच्या बसने जातो. जायला तास, यायला तास, आठवड्यातले सहा दिवस. मोबाइलवर ऐकताना सारखे फोन येतात म्हणून ३.५ मिलिमीटरचं सॉकेट असलेला छोटा म्युझिक प्लेयर घेतला. ऐकणं बहुतेक शास्त्रीय. प्लेयरबरोबर आलेल्या चपट्या इयरफोनवर घरी छान वाटतं, पण बस सुरू झाली की खर्जातलं काही ऐकू येत नाही, आवाज शेवटपर्यंत वाढवावा लागतो. दीड हजारापर्यंत काय घ्यावं? याआधीचे दोन इयरफोन चार-पाच महिन्यांत वायर तुटून गेले. (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : तुमच्या प्लेयरमध्ये दोष नाही. दोष आहे तो इयरफोन आणि कान यांच्यात राहणाऱ्या फटीचा. चपटा इयरफोन कानाच्या बाहेरच्या खोलगट भागात नुसता टेकलेला असतो. त्या फटीतून खालचे सूर बाहेर निसटतात आणि बसचा आवाज आत येतो. त्यातून इंजिनाची घरघर आणि टायरचा घोष हे दोन्ही खालच्या पट्टीतले आवाज. म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज, डग्ग्याची घुमक, उस्ताद अमीर खाँसाहेबांची मंद्रातली आलापी नेमकी जिथे असते, तिथेच बस गुरगुरत असते. मग तुम्ही आवाज वाढवता आणि वाढतात ते वरचे सूर. खर्ज गेलेलाच राहतो, कान मात्र दुखतात.

म्हणून तुम्हाला रबरी टोपीचा, कानाच्या नळीत बसणारा वायरवाला इयरफोन हवा. तो नीट बसला तर बाहेरचा आवाज १५ ते २० डेसिबलनी उतरतो. या किमतीत नॉइज कॅन्सलेशनच्या, म्हणजे बॅटरीवर बाहेरचा आवाज खोडणाऱ्या सोयीच्या मागे लागू नका. घट्ट बसलेली टोपी तेच काम बॅटरीशिवाय करते, आणि तुमचे पैसे आवाजात आणि वायरीत जातात.

खोक्यावरचे फक्त दोन आकडे वाचा. पहिला ओहमचा, म्हणजे इयरफोन विजेला किती अडवतो त्याचा. छोट्या प्लेयरसाठी १६ ते ३२ ओहम योग्य. दुसरा डेसिबलचा, म्हणजे तेवढ्याच विजेवर तो किती मोठा वाजतो त्याचा. इथे बरेच जण फसतात, कारण काही कंपन्या हा आकडा १ मिलिवॅटला देतात आणि काही १ व्होल्टला. १८ ओहमच्या इयरफोनवर ‘१ व्होल्टला ११९ डेसिबल’ लिहिलं असेल, तर १ मिलिवॅटच्या हिशेबाने ते साधारण १०१ च भरतात. त्यामुळे ११९ वाला १०१ वाल्यापेक्षा जोरात वाजेल असं समजू नका. मिलिवॅटच्या हिशेबात १०० च्या आसपास असला की तुमच्या प्लेयरला पुरे. ‘२० ते २०,००० हर्ट्‌झ’ हा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो, त्यावरून काहीच ठरत नाही.

वायर तुटण्याचं दुखणं कायमचं घालवायचं असेल तर वायर सुटी होणारा इयरफोन घ्या. मूनड्रॉपचा चू २ किंवा केझेडचे काही इयरफोन असे आहेत. वायर तुटली की काही शे रुपयांत नवी वायर येते, इयरफोन तोच राहतो. फक्त नवी वायर घेताना जुनी बरोबर न्या. दोन टाचण्यांच्या जोडणीत ०.७८ आणि ०.७५ मिलिमीटर असे दोन प्रकार येतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण जाड टाचणी बारीक भोकात दाबली तर भोक रुंदावतं किंवा प्लास्टिकला चीर जाते, आणि मग आवाज येत-जात राहतो. तिसरा प्रकार गोल, बटणासारखा दाबून बसणारा एमएमसीएक्स. तो या दोन्हींना चालत नाही.

प्लेयर शर्टाच्या खिशात आणि सॉकेट वरच्या बाजूला असेल तर काटकोनातली पिन घ्या. वायर बहुतेक वेळा पिनेच्या मानेशीच तुटते, कारण खाली वाकलं की सरळ पिनेवर सगळा ताण तिथेच येतो. आणि वायर प्लेयरभोवती गुंडाळून ठेवत असाल तर ते आजच बंद करा. तुमचे आधीचे दोन बहुधा त्यानेच गेले असतील. चार बोटांभोवती सैल वेटोळी करून छोट्या डबीत ठेवा.

घेतल्यावर अर्धा तास टोप्या बसवण्यात घाला. हे काम सगळ्यांत महत्त्वाचं आहे आणि तेच कोणी करत नाही. खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या असतात, लोक मधली लावून मोकळे होतात. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. इयरफोन आत सरकवा, मग कान सोडा. आता तंबोरा चालू असलेलं काहीतरी लावून बोटाने इयरफोन हलकेच आत दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम भरून आला तर टोपी लहान पडते आहे, मोठी लावा. काहीच फरक पडला नाही तर बरोबर बसली. दोन कानांना दोन वेगळ्या मापांच्या टोप्या लागणं अगदी नेहमीचं आहे. कोणतीच बसली नाही तर फोमच्या टोप्या मिळतात. त्या चिमटीत वळून बारीक करायच्या, कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायच्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने त्या लवकर खराब होतात, काही महिन्यांनी बदलाव्या लागतात.

वायर शर्टावर घासली की कानात खरखर येते. ती वायर कानाच्या वरून मागे नेऊन घातली की बरीच कमी होते, कॉलरला चिमटा लावला तर आणखी.

आता आवाज किती ठेवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं, आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० ला ४ च तास उरतात. तुमचे आठवड्याचे १२ तास होतात, म्हणजे ८५ च्या आत राहायला हवं. मोजायला यंत्र लागत नाही. घरी, पंखा बंद करून, समाधान होईल एवढा आवाज लावा आणि प्लेयरवरचा आकडा लिहून ठेवा. समजा १२ आला. बसमध्ये तो १४-१५ पर्यंत गेला तर ठीक. २० वर न्यावा लागला तर आवाज पुन्हा खाली आणा आणि आधी टोपी तपासा.

जेल रोडला घ्यायला जाल तेव्हा प्लेयर बरोबर न्या. कानात घालायचा माल दुकानदार सहसा उघडून देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, पण एक बाजू बंद निघाली तर बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. खोक्यावर एमआरपी, महिना-वर्ष आणि आयात केलेला असेल तर आयातदाराचं नाव छापलेलं असायलाच हवं. ते नसेल तर नाव कितीही मोठं असो, घेऊ नका. घरी आल्यावर जुनं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखंच वाजणारं ध्वनिमुद्रण लावा. गायक बरोबर कपाळाच्या मध्यात उभा राहिला पाहिजे. एका कानाकडे सरकलेला वाटला तर इयरफोन उलटसुलट कानात घालून पाहा. गायक दुसरीकडे गेला तर माल सदोष, त्याच दिवशी परत करा.

प्रश्न : प्लेयरवर गाणं लावलं की वाद्यं ऐकू येतात, पण गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, जवळजवळ नाहीच. फाइल खराब असेल का? त्याच फाइली कॉम्प्युटरवर नीट वाजतात. (विजय नगर, इंदूर)

उत्तर : फाइली चांगल्या आहेत. पिनेतून तीन वाटा जातात, डाव्या कानाची, उजव्या कानाची आणि दोघांची सामायिक परतीची. ही परतीची वाट तुटली की दोन्ही कानांना डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा भरलेला असतो, म्हणून तो वजा होतो. वाद्यं थोडी इकडे-तिकडे असतात, म्हणून उरतात.

आधी पिन पूर्ण आत जाते का ते पाहा. जाड रबरी कव्हर अडवत असेल तर कव्हर काढून लावा. खिशातली सुताची कुसळं सॉकेटच्या तळाशी दाबून बसतात आणि पिन मिलिमीटरभर बाहेर राहते. प्लेयर बंद करून, तोंड खाली धरून, लाकडी दातकोरणीने कडेकडेने उकरून काढा. टाचणी किंवा लोखंडाचं काही आत घालू नका, आतल्या पातळ पट्ट्या वाकतात.

सॉकेट साफ असेल तर पिनेवरच्या काळ्या पट्ट्या मोजा. तीन असतील तर तो माइकवाला, मोबाइलसाठीचा इयरफोन आहे आणि काही जुन्या प्लेयरशी त्याचं जमत नाही. माइकचं बटण दाबून धरा. धरल्यावर गायक परत आला आणि सोडल्यावर गेला, तर निदान पक्कं. दोन पट्ट्यांचा, बिनमाइकचा इयरफोन घ्या.

दोनच पट्ट्या असतील आणि मानेशी वायर हलवल्यावर आवाज येत-जात असेल, तर परतीची तार आत तुटली आहे. दुरुस्ती होते. पिनेपासून ३-४ सेंटिमीटर वायर कापायची. आत बहुधा लाल तार उजवीची, हिरवी किंवा निळी डावीची आणि तांब्याच्या रंगाची सामायिक. या तारांवर लाखेचा लेप असतो, तो तसाच ठेवून डाग दिला तर चिकटल्यासारखा दिसतो पण वीज जात नाही. घरगुती दुरुस्त्या बहुतेक इथेच फसतात. गरम सोल्डरिंगच्या टोकावर ताजं कथील घेऊन तारेचं टोक त्यात लेप जळून चकाकेपर्यंत बुडवायचं, मगच नव्या पिनेला जोडायचं. आणि नव्या पिनेचं टोपण वायरीत आधी ओवून घ्यायचं, नाहीतर सगळं पुन्हा सोडावं लागतं.

प्रश्न : डाव्या कानाचा आवाज हळूहळू कमी झाला आहे. नवीन घ्यावा का? (देवास)

उत्तर : एवढ्यात नको. टोपी काढून नळीच्या तोंडाची बारीक जाळी उजेडात पाहा, मळाने बुजलेली असेल. जाळी जमिनीकडे तोंड करून धरा आणि कोरड्या, मऊ दातघासणीने हलके घासा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल. पाणी किंवा स्पिरिट जाळीवर सोडू नका. टोप्या मात्र साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. तरीही डावा कानच कमी ऐकत असेल, इयरफोन उलटे घातल्यावरसुद्धा, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. घरी कापसाच्या काडीने कोरू नका, मळ आणखी आत सरकतो.

प्रश्न : वय ६८. कानात रबर घातलं की गुदमरल्यासारखं होतं. सकाळी बागेत फिरताना आणि सिटी बसमध्ये जुनी नाट्यपदं आणि रेडिओ ऐकतो. मोठे हेडफोन जड वाटतात. (रामबाग, इंदूर)

उत्तर : तुम्हाला फोमच्या गादीचे, कानावर टेकणारे हलके उघडे हेडफोन सोयीचे पडतील. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून याच घडणीत मिळतो. तो ६० ओहमचा आहे, तरी छोट्या प्लेयरवर चांगला वाजतो. त्याच कंपनीचा केएससी ७५ कानावर अडकवायचा असतो आणि किमतीने कमी. बागेत हे उत्तम, मागून येणारी सायकल ऐकू येते. बसमध्ये मात्र बाहेरचा सगळा आवाज आत येणार. तिथे आवाज न वाढवता रेडिओच ऐका, बोलणं बसच्या घरघरीतही कळतं. फोम घामाने आणि पावसाळी हवेने भुगा होतो, गाद्या वेगळ्या मिळतात. जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या पदांत खरखर असते. वरचे सूर टोकदार असलेला हेडफोन ती खरखर पुढे आणतो, म्हणून ऐकूनच घ्या.

आणि ब्लूटूथचा घेऊ नका. प्लेयरमधल्या एफएमला वायरच ॲंटेना म्हणून लागते, ती नसली की स्टेशन लागत नाही. स्टेशन फरफरलं तर वायर गुंडाळलेली नाही ना ते पाहा, सरळ सोडली की सुधारतं.

प्रश्न : मुलगी भंवरकुआँला क्लासला स्कूटीने जाते. एकाच कानात इयरफोन घातला तर चालेल का? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : नाही, एकाही कानात नको. हॉर्न कुठल्या बाजूने आला हे आपल्याला दोन्ही कानांच्या आवाजातल्या फरकावरून कळतं. एक कान बंद केला की हॉर्न ऐकू येतो पण दिशा कळत नाही, आणि चौकात दिशाच कळावी लागते. शिवाय हेल्मेट चढवताना इयरफोन कानात रुततो. बसने किंवा रिक्षाने जाईल त्या दिवशी तिने खुशाल ऐकावं, उतरण्याआधीच्या थांब्यावर काढून डबीत ठेवावा.