फौजेतून पेन्शनवर आलेल्या दादाला ‘आता तू घरी आहेस’ हे कसं समजवायचं?

समजवू नका. त्याला माहीत आहे.

तुम्ही लिहिलंय, दादा १७ वर्षं सर्व्हिस करून ऐरोलीला आला, रात्री तीनदा उठून दाराची कडी बघतो, वर्षात दोन नोकऱ्या सोडल्या आणि ‘आता तू घरी आहेस’ म्हटलं की भडकतो. मीही भडकलो असतो.

मी फौजेतूनच हवालदार म्हणून २०१८ ला पेन्शनवर आलो, फंडाचे पैसे घालून उलव्याला फ्लॅट घेतला. तेव्हा विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडत होते. दुपारी भोंगा व्हायचा, मग सुरुंग, मग खिडक्यांची तावदानं थरथरायची. अख्ख्या बिल्डिंगला माझी काळजी: ‘काका, तुम्हाला त्रास होत असेल ना?’ कसला त्रास? भोंगा झाला, उडाला, संपलं. मी चहा पीत बसायचो. माझा घाम निघायचा रस्त्याकडेला पडलेली गोणी बघून.

आरआरच्या, म्हणजे राष्ट्रीय रायफल्सच्या, दोन टेन्युअर काश्मीरात काढल्या, त्यात माझं रोजचं काम आरओपी, म्हणजे रोड ओपनिंग पार्टी. फौजेच्या गाड्यांचा कॉन्व्हॉय सुटायच्या आधी हायवेचा आपल्या वाटणीचा तुकडा पायी तपासायचा. रस्त्याखालची प्रत्येक मोरी, प्रत्येक खडीचा ढीग. काल नव्हतं ते आज दिसलं की थांबायचं. आयईडी, म्हणजे घरगुती बनावटीचा बॉम्ब, कुकरमध्ये भरतात, दुधाच्या कॅनमध्ये भरतात. ही नजर पेन्शनच्या कागदांबरोबर जमा करून घेत नाहीत.

तर २०१९ चा पावसाळा, सकाळचे सात. सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी पाच लिटरचा कुकर, झाकण लावलेला, शिट्टी नाही. आदल्या रात्री फेरी मारली तेव्हा तिथे काही नव्हतं. पुढचं बरंचसं मला वॉचमनने नंतर सांगितलं. मी गेट लावलं, स्कूल बस लांब थांबवली, पोरांना भिंतीआड खाली बसवलं, दूधवाल्याला कॉलर धरून मागे ओढलं. दहा मिनिटं हे चाललं. बायको गाऊनवर ओढणी टाकून खाली आली आणि नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग सरळ चालत गेली. मी तिच्या नावाने ओरडलो, तेवढं मात्र मला स्वच्छ आठवतं. तिने कुकर उचलून डब्यात टाकला.

कुकर आमचाच होता. हँडल तुटलं म्हणून तिने रात्री भंगारवाल्यासाठी ठेवलेला. मग दहा मिनिटं गप्प का होतीस, असं विचारलं तर म्हणाली, “तुमचा चेहरा बघून ‘अहो, आपलाच आहे’ हे तोंडातून फुटेचना.” सोसायटीत हे अजून कोणाला माहीत नाही. इथे माझं नाव नाही म्हणून लिहितोय.

सोसायटीच्या ग्रुपवर मी ‘कुकर कमांडो’ झालो. ते चालेल. पण रविवारी मोठे मेहुणे जेवायला आले आणि माझ्या मुलांसमोर म्हणाले, “दाजींना ठाण्याला दाखवा.” ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, आणि आपल्याकडे ‘ठाण्याला’ म्हणजे काय ते सांगायला नको. वर यांचंच दुसरं मत असं की फौजी माणसाला डिप्रेशन वगैरे काही नसतं, कामाला लावा, सुटेल. त्यांनीच ओळखीने सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी लावून दिली.

फौजीला आल्या आल्या गेटवर उभं करणं हा मला सगळ्यात मूर्खपणाचा सल्ला वाटतो. बारा तास संशयाने बघायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा! आजाराला खुराक. मी चार महिन्यांत सोडली. तुमच्या दादाने सोडलेल्या दोन्ही नोकऱ्या सिक्युरिटीच्याच असणार, पैज लावतो.

मेहुण्यांना तेव्हा सांगायचं राहिलं ते असं की फौजेच्या मेडिकलला शेप म्हणतात, पाच इंग्रजी अक्षरं, त्यातलं पहिलं एस हे मनाचं. कान, हातपाय, डोळे त्याच्या मागे. अर्थात आम्हीही साधू नाही. खालची मेडिकल कॅटेगरी लागेल, प्रमोशन अडकेल, म्हणून २४ वर्षं मी ‘सब ठीक है साब’च म्हणत आलो.

शेवटी गेलो ठाण्यालाच. घरी बँकेचं काम सांगून, बामणडोंगरीहून नेरूळ, नेरूळला ठाण्याची गाडी. खिशात ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड होतं, पण त्यांच्या पॉलिक्लिनिकला कोणी ओळखीचा भेटेल याची लाज. तुम्ही हा गाढवपणा करू नका, कार्डावर रेफरल घेतलं तर पदरचा खर्च वाचतो. ओपीडीच्या बाकावर माझ्या एका बाजूला एसटीचा कंडक्टर, दुसऱ्या बाजूला परीक्षेचा धसका घेतलेली मुलगी. डॉक्टरबाई ‘विसरा’ म्हणाल्या नाहीत. रोज कचऱ्याच्या डब्यावरून न थांबता चालत जायचं आणि भीतीला दहापैकी मार्क लिहून आणायचे. पहिल्या दिवशी नऊ. सव्वा महिन्याने चार. गोळ्यांचा गुण यायला तीन आठवडे गेले, तोवर मी त्यांना मनातून शिव्या घातल्या. मधे दोन वर्षं गोळी बंद होती, गेल्या वर्षी आई गेली तेव्हा परत सुरू झाली.

मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येक फौजी असा नसतो. दादाला कदाचित एवढंच खुपत असेल की अडतिसाव्या वर्षी पंचवीसचा पोरगा साहेब झाला. पण घरात लायसनची बंदूक असेल तर ती सध्या घरात ठेवू नका. फौजी कँटीनच्या दारूच्या बाटल्या मोजा. जगण्यात राम नाही असं काही बोलला तर माझ्यासारखे आठ महिने घालवू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, रात्रीही लागतो.

आणि कडीचं. तो उठला की ‘झोप’ म्हणू नका. ड्युटी बदलताना समोरच्याने रिपोर्ट दिल्याशिवाय आम्ही जागा सोडत नाही. तुम्हीच उठा, कडी हलवून बघा आणि सांगा, ‘बघितली, लागलीय.’

मेहुणे वाचत असतील तर माझी ठाण्याची पुढची तारीख मंगळवारची आहे. येत असाल तर नेरूळला गाडी बदलावी लागते.